मोल काढायचे दिवस

आमच्या लालबागला मार्च महिना नाकातून येतो. रस्त्याच्या कडेला मिरच्यांची पोती उघडतात, मसाला कुटायचे डंक धडधडायला लागतात आणि सकाळपासून चाळभर कुणी ना कुणी शिंकत असतं. आता मला वासावरून सांगता येतं, कुठली ब्याडगी आणि कुठली शंकेश्वरी. मुलांच्या परीक्षाही नेमक्या याच दिवसांत. गॅलरीत चटई टाकून कुणाचं तरी पोर पुस्तकात डोकं घालून बसलेलं असतं, आणि एक मोठी शिंक आली की पाठ केलेलं सगळं विसरतं.

यंदा शेजारच्या पेडणेकर काकींची नात बारावीला आहे. काल दुपारी मी दारात मणी ओवत बसले होते आणि ती गॅलरीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं काहीतरी घोकत होती. सगळं इंग्रजी. त्यातून एक शब्द निसटून माझ्याकडे आला. मोल. माझी सुई मण्याच्या तोंडाशी तशीच थांबली.

तनू बारावीला होती त्या उन्हाळ्याच्या तोंडावर हा शब्द आमच्या घरात राहायला आला होता. तनू माझी एकुलती एक. आता हैदराबादला औषधांच्या कंपनीत आहे, पांढरा कोट घालून काम करते. तो शब्द तिच्याबरोबर गेला असेल असं मला वाटलं होतं. गेला नव्हता.

खरं म्हणजे मोल हा माझाच शब्द. माझी आई गावाला दुसऱ्याच्या शेतात मोलानं जायची. मी लग्न होऊन मुंबईत आले आणि पहिली काही वर्षं परळला दोन घरी मोलकरीण होते. तनू पोटात राहिली तेव्हा ते सोडलं आणि घरी बसून मंगळसूत्राचे मणी ओवायला घेतले. त्यामुळे एका संध्याकाळी तळमजल्यावरून तनूला शिकवणाऱ्या मॅडमचा आवाज आला, ‘तनू, आधी पाण्याचं मोल काढ बघू,’ तेव्हा मी चमकलेच. पाण्याचं कसलं मोल? काय शिकवतात या पोरीला?

तनू वर आली तशी मी विचारलं, ‘काय गं, पाण्याचं मोल किती?’

‘अठरा ग्रॅमला एक.’

‘एक काय? रुपया?’

ती हसत सुटली. भिंतीला टेकून, पोट धरून हसली. ‘बाबा, ऐकलंत का? आई म्हणते, रुपया!’ तिचे बाबा दादरला कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहून आलेले. त्यांना मोल कळलं नाही, पण लेक हसते म्हणून तेही हसले. मीही हसले. हसताना मनात एकच होतं, आता ही उद्या खाली जाऊन मॅडमना सांगणार. दुसऱ्या दिवशी मॅडम जिन्यात भेटल्या आणि हसल्या. त्या रोजच हसत असतील. पण मी त्या हसण्याचा अर्थ लावत बसले आणि त्या दिवशी एक अख्खा सर चुकीचा ओवला.

ज्योत्स्ना मॅडम. दादरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. त्यांची आई आमच्याच चाळीत तळमजल्याला राहायची, ती गेल्यावर मॅडम तिच्या खोलीत एकट्या राहायला आल्या. बारीक अंगाच्या, कॉटनची साडी, गळ्यात मोत्याचा एकच सर. तनू दहावीपर्यंत मराठीत शिकली आणि अकरावीला सगळं इंग्रजी झालं तशी गांगरून गेली. तिच्या बाबांनी मॅडमना विचारलं. मी विचारलं नसतं, मला कुणाशी स्वतःहून बोलायला जमत नाही. मॅडम म्हणाल्या, ‘पाठवा की. मला तरी कोण आहे बोलायला?’

आधी तनू आठवड्यातून दोनदा जायची. मग रोज. मग सकाळीही आणि दुपारीही. पेडणेकर काकी गॅलरीत वाळत घालताना मला ऐकवायच्या, ‘काय गो, तुझा चेडू आता खालीच रवता? जेवक तरी येता मा वर? का दत्तक दिलंस तिका?’ त्या गमतीनं म्हणत. मी गमतीनंच ‘चला, काहीतरीच,’ म्हणायची आणि आत येऊन कणीक जरा जास्तच जोरात तिंबायची.

त्याच सुमारास कॉलेजच्या चाचणीत तनूचा एक प्रश्न चुकला. बारा ग्रॅम कोळसा आणि अठरा ग्रॅम पाणी, कण कशात जास्त? हिनं लिहिलं, पाण्यात, कारण वजन जास्त. त्यावर लाल फुली. पोरगी रडवेली होऊन पेपर समोर घेऊन बसली. मी जवळ गेले. म्हटलं, ‘बघू, काय आहे?’

‘आई, तुला नाही कळायचं गं.’

वाईट बोलली नाही ती. मऊ आवाजात बोलली, थकलेली होती. पण ‘नाही कळायचं’ म्हणताना तिनं पेपर उचलला, चपला घातल्या आणि खाली गेली. ज्याला कळतं त्याच्याकडे गेली. त्यात चुकलं काय? माझी चौथी झाली तेव्हा पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती, होडीतून जावं लागायचं, तिथंच माझं संपलं. मला नाहीच कळणार. पण तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना मी ऐकत राहिले, आणि छातीत काहीतरी वळवळलं. तोवर माझा समज होता की मत्सर दुसऱ्याच्या दागिन्यांचा वाटतो, नाहीतर दुसऱ्याच्या मोठ्या घराचा. स्वतःच्या मुलीच्या चपलांचाही वाटतो हे माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं मीही खाली गेले. हातात वाटी होती सोलकढीची, काहीतरी कारण हवं ना. दार लोटलेलं होतं. मॅडम सांगत होत्या, ‘हे बघ, कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. मग मोजायचे कसे? तर एकेक मोजायचेच नाहीत. वजन करायचं. पण प्रत्येकाचा कण सारखा जड नसतो. कोळशाचा हलका, पाण्याचा त्याहून जड. म्हणून बारा ग्रॅम कोळशात जितके कण, तितकेच अठरा ग्रॅम पाण्यात. त्या तेवढ्या ढिगाला म्हणायचं एक मोल.’

मी दाराशी तशीच उभी राहिले. हे मला कळत होतं.

मणी ओवायला घेतले तेव्हा पहिल्याच खेपेला मी तीच चूक केली होती. एक काळा, एक सोनेरी, असा सर करायचा होता. मी काट्यावर दोन्ही मणी सारख्या वजनाचे घेतले आणि ओवायला बसले. सोनेरी संपले आणि काळे वाटीभर उरले. माल आणून देणारी बाई म्हणाली, ‘अगं, काच हलकी, पितळ जड. सारखं वजन घेतलंस तर सारखे मणी कसे येतील?’ तेव्हापासून नवीन माल आला की मी प्रत्येकातले शंभर मणी मोजते, त्यांचं वजन करते, आणि पुढचं सगळं वजनावर. डोळे दमत नाहीत आणि सर अडत नाही. त्या काट्याशी आता माझी ओळख अशी आहे की मूठ उघडताच मला अंदाज येतो.

मी दार ढकलून हे सांगू शकले असते. सोपं होतं. ‘तनू, आपले मणी बघ ना,’ एवढंच. सोलकढीची वाटी उंबऱ्यावर ठेवून मी वर आले.

पुढच्या रविवारी तनू म्हणाली, ‘आई, मॅडमनी तुझा काटा मागितलाय. आणि थोडे मणी. काळे, सोनेरी दोन्ही.’

‘कशाला?’

‘मी त्यांना सांगितलं, आई मणी ओवते. त्या म्हणाल्या, अरे वा, मग आणच.’

मी काटा दिला. दोन पुड्या बांधून दिल्या. मग गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहिले. आमच्या कठड्यावरून खाली मॅडमचं दार नीट दिसतं. दारातच दोघी उजेडाला बसल्या होत्या, मधे परात, परातीत माझे मणी. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. मॅडम सोनेरी मणी चिमटीत घेऊन काहीतरी म्हणाल्या आणि तनू ‘आऽऽ, असं होय!’ म्हणून ओरडली. तो आवाज मला वरपर्यंत आला. पहिल्यांदा चालली तेव्हा असाच ओरडा केला होता तिनं, माझ्याकडे बघून.

माझे मणी, माझा काटा, माझी पोरगी. आणि त्यांच्यात मी नव्हते.

ती वर आली ती उड्या मारत. ‘आई, बस, तुला एक गंमत सांगते. हे मणी म्हणजे कण समज, हं. आता बघ, काळा हलका, सोनेरी जड...’

माझेच मणी ती मला शिकवत होती. सोपं करून, हळूहळू, मॅडम बोलतात तशी बोटं जुळवून. मी म्हटलं, ‘असं होय?’ म्हटलं, ‘बरं बाई, कळलं.’ तिचा चेहरा इतका उजळला होता की मला दुसरं काही म्हणताच येईना. पुड्या सोडल्या तर काळे-सोनेरी सगळे एकात एक झालेले. ‘सॉरी गं, परात सांडली,’ म्हणाली आणि परत खाली पळाली. संध्याकाळपर्यंत मी ते निवडत बसले. एक इकडे, एक तिकडे. वेगळं करताना वाटलं, मत्सराचं पण असंच असेल का? एकेक कण दाखवता येत नाही. कुणी विचारलं असतं, काय झालं, तर मी काय सांगणार होते? वाटी? चपला? परात? सांगण्यासारखं त्यात काहीच नाही. पण वजन होतं. उठता-बसता जाणवत होतं.

मग मी माझ्या परीनं लढले. माझ्याकडे शस्त्र एकच, चूल. तनूला बांगड्याचं तिखलं जीव की प्राण. मॅडम मासे खात नाहीत. मी लागोपाठ तिखलं केलं, दार सताड उघडं ठेवून, वास खाली पोचावा म्हणून. तनू यायची आणि म्हणायची, ‘अगं, मॅडमकडे उपमा खाल्ला. पोट भरलंय.’ उपमा! तिखल्यासमोर उपमा! तिचे बाबा मिटक्या मारत जेवायचे आणि म्हणायचे, ‘आज काय विशेष?’ पाणी आलं की मी कठड्यावरून हाक मारायची, ‘तनू, पाणी आलंऽऽ!’ पाणी खरंच आलेलं असायचं. पण हंडे भरायला मला तिची कधी गरज पडली नव्हती.

आणि एका दुपारी ते झालं. परीक्षा अगदी तोंडावर आलेली. ऊन चढलं होतं, सगळ्या गल्लीत मिरची कुटल्याचा वास, डोळे चुरचुरत होते. मी ताकाचा तांब्या घेऊन खाली गेले. मॅडमच्या दाराशी पोचले आणि आतून तनूचा आवाज आला. लाडातला, आळसावलेला.

‘अगं...’

पुढचं मी ऐकलं नाही. मी मागे वळले. ताक हिंदकळून जिन्यावर सांडलं.

दोन वर्षं ती मॅडमना ‘अहो’ म्हणत होती. ‘अहो मॅडम, हे बघा ना.’ त्या ‘अहो’च्या जिवावर मी तगून होते. कितीही शिकवा, कितीही उपमा खायला घाला, ‘अगं’ मला होतं. दिवसातून पन्नास वेळा होतं. अगं आई, माझी ओढणी कुठाय. अगं आई, पंखा मोठा कर ना. आमच्या पंख्याचं बटण चुलीच्या बाजूला, मी उठायची आणि मोठा करायची, कधी कधी करवादत. तो शब्द आता तळमजल्यावर गेला होता. मी वर येऊन पंख्याखाली बसले आणि पंखा लावायचं सुचलं नाही.

तिच्या केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी मी दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभी होते. तनू आंघोळ करून, वेणी घालून, ‘आले हं’ म्हणून खाली पळाली. वर आली तर ओठाच्या कोपऱ्यात पांढरं.

‘मॅडमनी दही दिलं,’ म्हणाली.

मी वाटी मागे घेतली. तिनं बघितलं. मग माझा हात ओढून वाटी पुढे आणली आणि आ केला. ‘दे ना. दोन दह्यांनी काय पेपर आंबणार आहे का?’

मी चमचा तिच्या तोंडात घातला. ती वाकून पाया पडली, माझ्या पायावरची तिची बोटं थंडगार होती. पेपर छान गेला. मोलाचं गणित आलं होतं. बातमी आधी तळमजल्याला कळली, कारण तळमजला आधी लागतो. आज लिहिताना हे कारण मला दिसतं. तेव्हा नव्हतं दिसलं.

पुढे ती शिकत गेली आणि एके दिवशी बॅग घेऊन हैदराबादला गेली. मॅडम आणि मी दोघी फाटकाशी उभ्या राहून हात हलवत होतो. टॅक्सी वळल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘चला, तनूच्या आई.’ मी ‘हो’ म्हटलं. दोघी आपापल्या खोलीत गेलो. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे जिन्यातलं. पाणी आलं का, पेपरवाला आला का.

पेडणेकरांच्या नातीनं काल मोल मोल घोकायला घेतलं, त्याच दुपारी मॅडम वर आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तीन जिने चढून दम लागला होता. हातात रुमालाची गाठोडी. उघडली तर त्यात त्यांच्या गळ्यातला मोत्यांचा सर, तुटलेला.

‘आईचा आहे,’ म्हणाल्या. ‘ओवून द्याल?’

मी म्हटलं, ‘बसा.’ मोती ताटलीत घेतले, मेण लावलेला धागा काढला. मॅडम माझ्या हातांकडे बघत राहिल्या. बाहेर ती पोरगी घोकतच होती. मध्येच चुकली तशा मॅडम सवयीनं पुटपुटल्या, ‘भाग, भाग. गुणू नको.’ मला हसू आलं. त्यांनाही आलं.

मग म्हणाल्या, ‘तनूच्या आई, एक सांगायचं राहून गेलंय. तनू एकदा मला अगं म्हणाली होती.’

माझ्या तोंडून एकदम गेलं, ‘ऐकलंय मी. दाराशी होते.’ इतक्या वर्षांत त्यांच्याशी एवढं सरळ कधी बोलले नव्हते.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ‘मग पुढचं नाही ऐकलंत?’

मी मान हलवली.

‘पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. झोपेतच म्हणाली, अगं आई, पंखा मोठा कर ना.’ मॅडमनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. ‘मी उठले, पंखा मोठा केला. तिला उठवलं नाही, सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर ते तुमचं झालं असतं. म्हणून ठेवून घेतलं.’

मोती माझ्या बोटात फिरत राहिला, सुईत जाईना. ज्या शब्दासाठी मी इतकी जळले तो माझाच होता. आणि हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर वाटलं काय? की इतकी वर्षं तो माझा शब्द यांनी स्वतःजवळ ठेवला. पुन्हा तेच वळवळलं.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा. त्यांनी स्पीकर लावला, त्यांना कानाशी धरून नीट ऐकू येत नाही.

‘अहो मॅडम, जरा वर जाऊन बघाल का? आईचा फोन लागत नाहीये.’

‘मी वरच आहे,’ मॅडम म्हणाल्या आणि फोन माझ्यापुढे धरला.

‘अगं आई! फोन चार्ज करत जा ना! जीव जातो इथं माझा. जेवलीस का?’

मी म्हटलं, ‘जेवले.’ ती दहा प्रश्न विचारत होती, मी एकेक उत्तर देत होते. देता देता मॅडमकडे लक्ष गेलं. त्या ताटलीतले मोती बोटानं एकेक बाजूला सारत होत्या, मोजल्यासारखे, आणि मोजायचं काही नव्हतं. ते तोंड मी ओळखलं. कठड्याला टेकून मणी बघणाऱ्या बाईचं तोंड होतं ते. आरशात नाही बघितलं, तरी माहीत होतं.

फोन ठेवला. घाम फुटला होता दोघींना. मी विचारलं, ‘मॅडम, पंखा मोठा करू?’

त्यांनी वर बघितलं नाही. मोती सारत सारत म्हणाल्या, ‘कर.’

‘करा’ नाही म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

मी उठले, चुलीच्या बाजूचं बटण फिरवलं, आणि परत येऊन सर पुरा केला. गाठ मारली, मेण लावलं, त्यांच्या मानेमागे हात नेऊन फासा अडकवला.

रात्री तनूचा पुन्हा फोन आला. ‘मॅडम का गं आल्या होत्या? काय बोललात दोघी?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘मोती ओवायचे होते.’

सांगितलं असतं तर ते तिचं झालं असतं.